पडवीत सापडलेलं जग्वारचं इंजिन: हेडवर ‘सी’ आहे, मग हे शर्यतीच्या गाडीचं का?

पोफळीवाडी, गुहागर

नमस्कार मंडळी,

आमच्या घराची मागची पडवी यंदा आगोटीच्या आधी उतरवायला घेतली. वासे पार कुजले होते. सामान बाहेर काढता काढता सगळ्यात आत, नारळाच्या सोडणांच्या ढिगामागे झापांनी झाकलेलं इंजिन उघडं झालं. ते तिथे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी मी त्याच्यावर बसून फणसाचे गरे खाल्लेत. पण इंजिन म्हणून त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

दोन जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवलंय. सहा सिलिंडर एका ओळीत, खालचा ब्लॉक बिडाचा, त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. वर दोन लांब झाकणं, त्यावर जग्वारचं नाव. कार्ब्युरेटर, डायनामो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काहीच नाही. दोन झाकणांच्या मधल्या दरीत प्लगची सहा भोकं आहेत आणि सहाही भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्यात. त्याच दरीत, साधारण मध्यावर, धातूतच उठावाचं इंग्रजी ‘सी’ अक्षर आहे.

माझे आजोबा मुंबईत मलबार हिलवर एका घरी ड्रायव्हर होते. 1973 साली पेट्रोल कडाडलं, तेव्हा मालकांनी मोठ्या गाड्या मोडीत काढल्या आणि आजोबांना थकलेल्या पगारापोटी हे इंजिन मिळालं. त्यावर रहाटाऐवजी पंप चालवायचा त्यांचा विचार होता म्हणे. घरात दोन गोष्टी सांगतात. आत्या म्हणते, हे शर्यतीच्या गाडीचं. बाबा म्हणतात, छे, ती आगबोटीएवढी लांब गाडी होती, मागे सहज तीन माणसं पाय पसरून बसायची.

मागच्या आठवड्यात जुन्या गाड्यांचा एक दलाल आला. ‘सी’ बघून म्हणाला, ही ल मांची 24 तासांची शर्यत जिंकणारी सी-टाइप. रोख 2 लाख देतो, पाऊस लागायच्या आत उचलतो. काका द्यायला तयार आहेत. मी त्यांच्याकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतलीय. नंबर असेल तिथे गंजाचा आणि काजळीचा थर आहे. उद्या ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून साफ करणार आहे. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा, हे नेमकं काय आहे?

मिऱ्या बंदर

भाऊ, दरीत लाल रंग आहे का बघ! सी-टाइपचं हेड लाल असतं, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. लाल निघाला तर 2 लाखांत अजिबात देऊ नकोस. त्या गाड्या जगात मोजक्याच आहेत.

लेथवाला, चिपळूण

पोफळीवाडी, वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. ग्राइंडर आधी खाली ठेव. बाकी सगळं वाचायच्या आत एवढं कर.

1974 साली मी 19 वर्षांचा होतो, गिरगावात एका गॅरेजात उमेदवारी करत होतो. एका सलूनचं, म्हणजे चार दारांच्या बंद गाडीचं, इंजिन रंगवायला काढलं होतं. उस्तादांनी सांगितलं, ब्लॉक चकचकीत कर. मी केला. ऑइल फिल्टरच्या वरचा सपाट भाग मला खडबडीत लागला, म्हणून तोही चाकाने गुळगुळीत केला. संध्याकाळी मालक कागद घेऊन आले, नंबर ताडून बघायला. नंबर नव्हता. तो माझ्या चाकाखाली गेला होता. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, नुसता त्या जागेवरून अंगठा फिरवला. तो अंगठा अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवसापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक इंजिनाचा नंबर मी आधी वहीत उतरवतो, मग पाना उचलतो.

आता तुझ्या इंजिनाबद्दल.

‘सी’ या अक्षराने भल्याभल्यांची फसगत होते. सी-टाइप नावाची गाडी वेगळी आणि सी-टाइप हेड वेगळं. गाडी म्हणजे एक्सके 120 सी. तिने 1951 साली वॉकर आणि व्हाइटहेड यांच्या हातात ल मां जिंकली, 1953 साली रोल्ट आणि हॅमिल्टन यांच्या हातात पुन्हा. जेमतेम 50 च्या वर गाड्या बनल्या असतील. त्या गाडीसाठी हेडमध्ये जे बदल केले, म्हणजे मोठे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि मोकळे पोर्ट (हवा आत-बाहेर जायच्या वाटा), तसंच हेड मग रस्त्यावरच्या गाड्यांना जादा पैसे भरून मिळायला लागलं. एक्सके 140 ही गाडी 1954 ते 1957 या काळात बनली. तिला साध्या हेडवर 190 अश्वशक्ती होती, सी हेड घेतलं की 210. दरीतलं उठावाचं ‘सी’ या हेडचं. त्यावरून हेड कळतं, गाडी कळत नाही. शर्यतीच्या खऱ्या सी-टाइपच्या इंजिनाचा नंबर ‘ई’ने सुरू होतो.

लाल रंगाबद्दल मिऱ्या बंदर म्हणतो ते खोटं नाही. सी हेड लाल, ई-टाइप आणि एक्सके 150 एस या जग्वारच्याच गाड्यांचं सरळ पोर्टांचं हेड सोनेरी, 3.4 लिटरच्या सलूनचं बी हेड फिकट निळं, असा कारखान्याचा रिवाज होता. पण रंगाचा डबा कुणालाही विकत मिळतो. मी स्वतः गिऱ्हाइकाच्या हौसेखातर साधी हेडं लाल रंगवून दिलीत, त्या काळी त्याचं काही वाटत नव्हतं. सगळ्यात कमी भरवसा रंगावर ठेवावा.

नंबर दोन जागी बघ. एक ब्लॉकवर, ड्रायव्हरच्या सीटवरून बघितलं तर उजव्या अंगाला, ऑइल फिल्टरच्या वर. दुसरा हेडच्या पुढच्या टोकाला. कारखान्यातून निघताना दोन्ही एकच असतात. ओतकामातले आकडे उठावाचे असतात, ते साच्याचे, त्यांच्या मागे लागू नकोस. इंजिनाचा नंबर पंचाने ठोकलेला, आत गेलेला असतो. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीची घडी त्या जागेवर रात्रभर बांधून ठेव. सकाळी जुन्या टूथब्रशने घास, तारेने नाही. मग खडू आडवा फिरव आणि विजेरी बाजूने, तिरकी धर. तरी वाचता आलं नाही तर आरटीओत चासी नंबरचं ट्रेसिंग काढतात तसं कर, पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घास. डोळ्याला दिसत नाही ते कागदावर उमटतं.

पुढची अक्षरं आणि शेवटचा आकडा, दोन्ही महत्त्वाचे. 2021 च्या 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी माझ्या वर्कशॉपात छताला लागलं होतं. छापील मॅन्युअलं लगदा झाली. वही मात्र वाचली, कारण सगळं पेन्सिलीने लिहिलेलं होतं. शाईचं पान धुऊन जातं, शिसं राहतं. पंख्याखाली एकेक पान सुकवलं. त्या वहीतून सांगतो: एक्सके 120 चा नंबर ‘डब्ल्यू’ने, एक्सके 140 चा ‘जी’ने, एक्सके 150 चा ‘व्ही’ने, ई-टाइप 3.8 चा ‘आर’ने, मार्क 2 सलूनमध्ये 3.4 असेल तर ‘केजी’ने आणि 3.8 असेल तर ‘एलए’ने सुरू होतो. मोठी सलून मार्क 9 असेल तर ‘एनसी’. शेवटी आडव्या रेघेनंतर 7, 8 किंवा 9 येतो, तो कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचा. हलकं पेट्रोल मिळायचं अशा देशांसाठी 7 चा पर्याय होता. 8 च्या पुढे ‘एस’ ठोकलेला असेल आणि सुरुवात ‘जी’ने असेल तर ते सी हेडवालं एक्सके 140.

पूर्ण नंबर इथे टाकू नकोस. शेवटचे तीन आकडे झाकून टाक. उघड्यावर पडलेला चांगला नंबर उद्या दुसऱ्याच ब्लॉकवर ठोकलेला दिसतो.

आणि त्या खुंट्या कुणी ठोकल्या?

पोफळीवाडी, गुहागर

काका, राग कसला, आभारच. ग्राइंडर शेजारच्यांचा होता, परत देऊन टाकला.

खुंट्या आजोबांनी ठोकल्या. फणसाच्या लाकडाच्या आहेत. बाबा सांगतात, ठोकायच्या आधी प्रत्येक भोकात त्यांनी वाटीभर तेल ओतलं होतं, आणि दर वर्षी गणपतीच्या आधी एक खुंटी काढून आत काडी घालून तेल बघायचे. ते 1988 साली गेले. त्यानंतर कुणी बघितलं नाही.

तुम्ही सांगितलं तसं केलं. डिझेलची चिंधी दोन रात्री ठेवावी लागली. हेडवरचा नंबर लगेच आला: सुरुवातीला ‘जी’, शेवटी ‘8 एस’. मी नाचायचाच बाकी होतो. ब्लॉकवरचा मात्र निघता निघेना. खडूने काही नाही, विजेरीने काही नाही. शेवटी ट्रेसिंग काढलं. आधी नुसते करड्या रंगाचे ठिपके, मग एक उभी रेघ, तिला जोडून तिरकी. बाबा शेजारी उभे होते, तेच म्हणाले, ‘एन’. ‘एनसी’ आहे, काका. शेवटी 8 आहे, पण पुढे ‘एस’ नाही.

म्हणजे दोन नंबर वेगळे. आता काय समजायचं?

आणखी दोन गोष्टी. कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची, झाकणं काढली, आत लख्ख आहे, तेल काळं पण ओलं. नोकाच्या टोकाची आणि पाठीची मापं घेऊन वजाबाकी केली, लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते माप, साडेनऊ मिलिमीटर येते. इंजिनाच्या मागच्या टोकाला जाड फ्लायव्हील नाही, दात असलेली पातळ चकती आहे. ती कुणी बदलली असेल का?

दरीतल्या काजळीखाली लाल रंग आहे.

लेथवाला, चिपळूण

तुझे बाबा बरोबर होते. आत्याही.

‘एनसी’ म्हणजे मार्क 9. आगबोटीएवढी लांब, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग. 1958 ते 1961 या काळात बनलेली. तिला 3.8 लिटरचं इंजिन, 220 अश्वशक्ती. पातळ चकती कुणी बदललेली नाही, ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची ड्राइव्ह प्लेट. मार्क 9 बहुतेक ऑटोमॅटिकच होत्या. शर्यतीच्या सी-टाइपच्या मागे अशी चकती कधी नसते, म्हणून दलालाच्या गोष्टीचा निकाल खरं तर इथेच लागतो.

लिफ्टचं माप चांगलं घेतलंस. साडेनऊ म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश. पण त्यावरून एवढंच कळतं की हा सुरुवातीच्या साध्या एक्सके 120 चा कॅम नाही, त्याची लिफ्ट आठ मिलिमीटरला जरा कमी. एक्सके 140 आणि मार्क 9 दोघांचीही साडेनऊच, म्हणून या मापाने तुझा प्रश्न सुटत नाही.

हेड मात्र दुसऱ्या गाडीचं आहे. ‘जी’ आणि ‘एस’, दरीत ‘सी’, वर लाल. चार खुणा एकमेकींना धरून आहेत, आणि त्यातल्या तीन ठोकलेल्या किंवा ओतलेल्या आहेत, नुसत्या रंगवलेल्या नाहीत. हे एक्सके 140 चं सी हेड. एक्सके 140 सगळ्या मिळून सुमारे 9,000 बनल्या, आणि सी हेड घेतलेल्या त्यातल्या काही.

हे लग्न कुठे लागलं असेल ते सांगतो, कारण अशी लग्नं आम्हीच लावायचो. ॲल्युमिनियमचं हेड, त्यात मुंबईचं पाणी, कुणी रेडिएटरमध्ये साधं नळाचं पाणी घालायचं, कुणी विहिरीचं. आतून पाण्याच्या वाटा खाल्ल्या जायच्या. एक दिवस गाडी तापते आणि हेड वाकडं होतं नाहीतर तडकतं. आयातीवर बंधनं होती, नवं हेड मागवायचं म्हणजे परवाना, परकीय चलन, महिनोन्महिने वाट बघणं. मग भंगारात जे मिळेल ते बसवायचं. 1948 च्या पहिल्या 3.4 पासून या इंजिनाचा पाया तोच, सात मेन बेअरिंगांचा. 3.4 चं हेड 3.8 च्या ब्लॉकवर बसतं. कुठलीशी एक्सके 140 अपघातात मोडली असेल, किंवा नुसतीच पावसात उभी राहून गेली असेल. तिचं हेड तुमच्या सलूनवर आलं. मालकांना ते कळलंही नसेल. ड्रायव्हरला कळलं असणार. चढावर गाडी वेगळी ओढायला लागली हे ड्रायव्हरच्या पायाला कळतं. आत्याला ‘शर्यतीचं’ हा शब्द तिथूनच मिळाला असावा.

पण नंबर सांगतो तेवढ्यावर मी थांबत नाही. ब्लॉक 3.8 चाच आहे का, हे बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाची रुंदी, मोजून बघायचं. 3.4 चा बोअर 83 मिलिमीटर, 3.8 चा 87, 4.2 चा 92 आणि वर जरासा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तिघांचाही 106, तो मोजून फरक कळत नाही. कुणी म्हणेल, 3.8 ला लायनर (सिलिंडरात बसवलेल्या वेगळ्या नळ्या) असतात, 3.4 ला नसतात, ते बघ. आपल्याकडे ती खूण चालत नाही, झिजलेल्या 3.4 लाही लोकांनी सर्रास लायनर घातलेत. बोअर मोज. 83 चा बोअर कितीही वेळा रिबोअर केला तरी 84 च्या आतच राहतो, 87 होत नाही.

हेड काढावं लागेल. वर 14 मोठे घुमटाचे नट, शिवाय पुढे चेनच्या बाजूला 6 छोटे. आधी दोन्ही कॅम चेनपासून सोडव. आणि सोडवल्यावर एक कॅम एकटा फिरवू नकोस, इनलेट आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आत एकमेकांवर आपटतात. हेड चिकटलेलं असणार. फटीत छिन्नी घालून ठोकायचं नाही, ॲल्युमिनियमला ओरखडा पडला की पाणी तिथूनच झिरपतं. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं निम्मं मिसळून स्टडच्या (ब्लॉकमधून वर आलेल्या बोल्टांच्या) मुळाशी रोज सकाळ-संध्याकाळ सोड. आठ दिवस लागोत, पंधरा लागोत. खारा वारा पन्नास वर्षं काम करत होता, आपण पंधरा दिवस द्यायला काय हरकत आहे?

काढताना सिलिंडरांची नावं नीट लिही. जग्वार 1 नंबर मागून मोजते, फ्लायव्हीलकडून. आपल्याकडे सगळे पुढून मोजतात आणि व्हॉल्व्ह उलटेसुलटे होतात.

काकांना माझा नमस्कार सांग. दलालाला थांबवायला माझं नाव पुढे कर हवं तर.

मिऱ्या बंदर

लेथवाले काका, रंगाचं मी चुकीचं सांगितलं, लक्षात ठेवीन. एक शंका आहे. मार्क 9 चं मूळ हेडही मोठ्या व्हॉल्व्हचंच ना? मग हेड काढल्यावर बी हेड की सी हेड हे नंबर न बघता कसं ओळखायचं?

लेथवाला, चिपळूण

चांगला प्रश्न विचारलास. तीन हेडं लक्षात ठेव. जुनं साधं ते ए. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह साडेछत्तीस मिलिमीटरचा. बी आणि सी दोघांचा 41 च्या वर. इनलेट तिघांचाही साडेचव्वेचाळीस. म्हणजे एक्झॉस्ट मोजला की ए बाजूला पडतं. बी आणि सी यांच्यातला फरक व्हॉल्व्हमध्ये नाही, इनलेट पोर्टच्या गळ्यात आहे. बी ला मोठा व्हॉल्व्ह दिला पण गळा ए सारखाच अरुंद ठेवला, कारण सलूनला खालच्या वेगात ओढ हवी होती. सी चा गळा मोकळा. मॅनिफोल्ड नसलेल्या हेडमध्ये बोट घालून बघ, बी मध्ये व्हॉल्व्हच्या आधी ते आवळल्यासारखं वाटतं. दोन हेडं शेजारी ठेवली तर डोळे मिटून सांगता येतं. पोफळीवाडीकडे शेजारी ठेवायला दुसरं नाही, म्हणून त्याने अंतर्गत कॅलिपरने सहाही गळे मोजून ठेवावेत. एखादाच मोकळा निघाला तर ते कुणीतरी हाताने घासलेलं.

होडीवाला, वेंगुर्ला

माका इंजिनातला लय कळना नाय, पण गंजाचा कळता. हेड काढलास की ब्लॉक उघडो ठेव नको. पावसात एका रात्रीत लाल होतलो. आमी लाकडी होडीक माशाचा तेल लावतव, ता लोखंडाकय चलता. वास येतलो, पण गंज येवचो नाय.

पोफळीवाडी, गुहागर

सगळ्यांना नमस्कार. 19 दिवस लागले.

तेराव्या दिवशी 14 पैकी 11 नट सुटले होते. उरलेले तीन मागच्या बाजूचे. मी जोर लावायच्या बेतात होतो, बाबांनी हात धरला. आणखी सहा दिवस तेल सोडलं. काल सकाळी गावातले चौघे आले, पोफळीचा सोट आडवा घालून हेड दोरांनी टांगलं आणि चिऱ्यांवरच्या ब्लॉकला हात न लावता रात्रभर तसंच ताणावर ठेवलं. पहाटे चार वाजता आवाज आला. घरातले सगळे उठले. हेड बोटभर वर आलं होतं.

बोअर: सहाही 87 आणि वर थोडंसं. पिस्टनच्या डोक्यावर ‘+020’ ही वाढीव मापाची खूण ठोकलीय. लायनरची गोल कड दिसते. पहिल्या पाच सिलिंडरांच्या भिंतींवर होनिंगच्या (घासकामाच्या) तिरक्या रेघा अजून आहेत, काका. आजोबांचं तेल तिथे होतं. सहावा, म्हणजे तुमच्या मोजणीने 1 नंबर, तेवढाच गंजलाय. त्याची खुंटी तडकलेली निघाली.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह 41.3. इनलेटचे गळे सहाही सारखे, बोट कुठेच आवळत नाही. हेडच्या चेंबरची कड बोअरच्या कडेपेक्षा सगळीकडे जराशी आत आहे. पिस्टनवर त्या मापाचं काजळीचं वर्तुळ उमटलंय.

आमच्या घरच्या काकांनी ते वर्तुळ बघितलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, हे दोन वेगळ्या गाड्यांचं आहे एवढं मलाही दिसतंय, मग तो माणूस शर्यतीचं एकच इंजिन म्हणून का सांगत होता? दलालाला त्यांनीच फोन करून नाही म्हणून सांगितलं.

आता माझा प्रश्न बदललाय. ज्या एक्सके 140 चं हे हेड, ती कुठे असेल? हे शोधता येतं का?

लेथवाला, चिपळूण

पहाटे चारचा आवाज वाचून मीही उठून बसलो.

ती आतली कड म्हणजे पक्का पुरावा. 3.4 च्या बोअरसाठी कापलेलं चेंबर 3.8 वर बसलं की तशीच कड राहते. 3.8 च्या स्वतःच्या हेडला तिथे उतार दिलेला असतो. म्हणजे हेड 3.4 चं, ब्लॉक 3.8 चा, दोन्ही आपापल्या जागी अस्सल, आणि एकत्र आले मुंबईत.

शोधता येतं. इंग्लंडमध्ये जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. इंजिनाचा नंबर कुठल्या चासीला बसला, गाडी कधी बनली, कुठल्या वितरकाकडे गेली, हे त्यात असतं. ते दाखला गाडीच्या मालकाला देतात, म्हणून तू सरळ मागितलास तर अडचण येईल. पण हेडचा नंबर, फोटो आणि हे सगळं जसं घडलं तसं लिहून त्यांना पत्र पाठव. त्या चासीची गाडी आज कुणाकडे उभी असेल आणि तिच्यावर दुसरंच हेड असेल, तर तो माणूसही कधीतरी नोंद मागवणार. त्याला तुझं पत्र तिथे सापडायला हवं.

तोपर्यंत हेड विकू नकोस, प्लेनिंगला (कापून सपाट करायला) देऊ नकोस, नंबराच्या जागेला तर हातही लावू नकोस. हेड सपाट फळीवर पालथं ठेव, व्हॉल्व्ह जमिनीला टेकता कामा नयेत, खाली दोन पट्ट्या घाल. ब्लॉकला होडीवाल्यांचा सल्ला चांगला आहे. माशाचं तेल नकोसं वाटलं तर इंजिन ऑइल आणि ग्रीस गरम करून एकत्र कर आणि ब्रशने लाव.

ट्रेसिंगचे दोन्ही कागद टाकू नकोस. एकेक प्रत मला पाठव, वहीत चिकटवतो.

पोफळीवाडी, गुहागर

पत्र आज गुहागर पोस्टातून रजिस्टर केलं. ट्रेसिंगच्या प्रती तुम्हाला पाठवतो. पुढच्या आठवड्यात चिपळूणला येतोय, तेव्हा वही बघायला मिळेल का?

सहा खुंट्यांपैकी पाच धड आहेत. सहावी फणसाच्याच लाकडाची नवी करून घेतली. ब्लॉकचे स्टड आत्ता काढू की पाऊस सरल्यावर?

लेथवाला, चिपळूण

वही तुझीच समज, ये. स्टड आत्ता काढू नकोस. गंजलेला स्टड घाईने पिळला तर ब्लॉकमध्येच तुटतो. मुळाशी तेल सोडत राहा, दिवाळीनंतर दोन नट एकमेकांवर आवळून सावकाश काढू. मी पाने घेऊन येतो.